कलम

‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आणि येथे त्याने लेखणी, कायद्यातील तरतूद व लावायची फांदी असे तिन्ही अर्थ वागवले. बोरूप्रमाणे फांदीही तिरपी छाटतात, पेराच्या किंचित खाली. मुळे बहुधा तेथेच फुटतात.

गावचे घर विकले जाण्यापूर्वी परसातल्या आईच्या मोगऱ्याच्या पाच काड्या आम्ही आणल्या आणि खिडकीच्या दीड हात कट्ट्यावर लावल्या. लागवडीतला मोगरा सहसा बी धरत नाही; फांदीवाचून त्याला पुढे जाण्याचा मार्ग नाही. खालची पाने काढावी लागतात, कारण मुळे नसलेली काडी साऱ्या पानांची तहान भागवू शकत नाही. ओलसर वाळूत ती खोचून वर अर्धी कापलेली बाटली उपडी घालावी. मग महिनाभर उपटून पाहण्याचा मोह आवरायचा. अवघड काय ते तेवढेच.

दोन काड्या जगल्या. बियांतून उगवते ते झाडाचे अपत्य. काडीतून वाढते ते तेच झाड. म्हणून त्यांना आम्ही आईची आठवण म्हणत नाही. तो आईचाच मोगरा आहे. विक्रीच्या दस्तात पुष्कळ कलमे होती. या एका कलमाचा उल्लेख तेवढा कोठे नव्हता.