कल्लारच्या चढावर कान देऊन

‘छैंया छैंया’ हे गाणे पाहिलेल्या प्रत्येकाने निलगिरीची गाडी पाहिली आहे. १९९८ च्या ‘दिल से’ चित्रपटात तिच्या टपावर नाच चालतो, डोंगर-वळणे मागे पडतात. पण ऐकू येते ते गाणेच. गाडीचा स्वतःचा आवाज ऐकायचा, तर मेट्टुपाळयमकडे जावे आणि डब्यात बसण्याऐवजी रुळांपासून थोडे दूर उभे राहावे.

मेट्टुपाळयम ते उटी हा सुमारे ४६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग. कुन्नूरपर्यंत तो १८९९ मध्ये सुरू झाला, १९०८ मध्ये उटीला पोहोचला आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. वाफेचे इंजिन धावते ते मुख्यतः कुन्नूरपर्यंत. कल्लारनंतर दर साडेबारा फुटांमागे एक फूट असा चढ लागतो. तिथे साधी चाके घसरतील, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत आणि इंजिनाखाली दातेरी चाके. इंजिन मागे राहून डबे वर ढकलते.

त्यामुळे काठावर उभ्या माणसाला आधी डबे भेटतात. वळणावर चाकांची किरकिर, ब्रेकवाल्यांच्या हाका, आणि मागाहून इंजिनाचा धाप लागल्यासारखा श्वास. गंमत अशी, की ठोके भराभर पडतात आणि गाडी मात्र माणूस धावत गाठेल इतक्या संथ चालीने सरकते. खालच्या सिलिंडरांत वापरलेली वाफ चढावर वरच्या सिलिंडरांत जाते, आणि ते गिअरमधून दातेरी चाके फिरवतात. ते श्रम छायाचित्रात दिसत नाहीत; कानालाच कळतात.

असा आवाज टिपण्याचा छंद जुना आहे. इंग्लंडचे पीटर हँडफोर्ड हे चित्रपटांचे ध्वनिमुद्रक; ‘आउट ऑफ आफ्रिका’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. त्यांनी वाफेच्या गाड्यांचे आवाज वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केले. आज लहानसा रेकॉर्डर पुरतो. माइकवर वाऱ्यासाठी स्पंजचे आवरण हवे. आवाजाची पातळी आपोआप ठरवू देऊ नये; नाहीतर दूरचा आणि जवळचा आवाज एकसारखाच होतो. गाडी ऐकू येण्याच्या बरेच आधी यंत्र सुरू करावे आणि ती गेल्यावर रानातले पक्षी पुन्हा बोलू लागेपर्यंत बंद करू नये. मधे आपण बोलू नये. शेवटी तारीख, ठिकाण आणि इंजिनाचा क्रमांक सांगून ठेवावा. रुळांवर मात्र जाऊ नये. तो गुन्हा आहे, आणि या रानात हत्तीही फिरतात.

वारशाची गाडी जपली आहे, मग घाई कशाला, असे कोणी विचारील. पण जपलेल्या गाडीचाही आवाज बदलतो. इथली काही इंजिने कोळशावरून तेलावर आली, आणि फावड्याच्या खरखरीच्या जागी बर्नरची घरघर आली. गाडी तीच, आवाज वेगळा.

आपल्या बेळगाव-लोंढा भागाला हे वेगळे सांगायला नको. कॅसलरॉकचा घाट चढताना पुढे-मागे इंजिने जोडलेली मीटरगेज गाडी अनेकांनी ऐकली आहे. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आले आणि ते आवाज संपले. घराघरांत त्या काळचे फोटो निघतील, ध्वनिफिती क्वचितच. पण रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा अजून आहेत. दूधसागरजवळची शिट्टी कशी घुमायची, घाटात कुठे ठोके जड व्हायचे, हे ते तोंडाने काढून दाखवतात आणि नातवंडे हसतात. हसू द्यावे, पण मोबाइल तेवढा सुरू ठेवावा. निलगिरीची गाडी उद्याही चढेल. आजोबांच्या तोंडची ती गाडी पुन्हा मिळायची नाही.