घाटावरून, आईस

पाचगणी, शनिवार

ती. आईस सा. न.

पसरणीच्या घाटात अर्ध्या वाटेपर्यंत धोम धरणाचं पाणी दिसत होतं, मग ढगांनी सगळं गिळलं. ऑगस्टातली पाचगणी जशीच्या तशी आहे : सिल्व्हर ओक, लाल चिखल आणि न वाळलेल्या कपड्यांचा वास. कुवेतच्या पोरीला पाऊस म्हणजे हिवाळ्यातल्या चार सरी. इथे तर धुकं खिडकीतून आत येऊन खाटांच्या मधून फिरायचं. ओले मोजे आम्ही पाठीखाली घेऊन झोपायचो. सकाळी ते कोमट असायचे, जेमतेम कोरडे.

माझ्या शाळेत आत जाऊ दिलं. ट्रंकांच्या खोलीत अजून पत्र्याच्या ट्रंका आहेत, पांढऱ्या ऑइलपेंटने नाव-नंबर घातलेल्या. कुवेतमधल्या सालमियाच्या फ्लॅटमध्ये तू माझ्या एकेका कपड्यावर नंबर शिवत बसली होतीस, ते आठवलं.

टॅक्सीवाल्याने सेंट पीटर्स शाळा दाखवली. फरोख बुलसारा, म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, झांझिबारहून लहानपणीच इथे आला. वडील तिकडे इंग्रज सरकारच्या नोकरीत. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड याच शाळेतला. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि त्याच्या घरच्यांना इंग्लंड गाठावं लागलं. सुट्टीत ज्या घरी जायचं ते घरच हातचं जाणं, हे या डोंगरावरच्या मुलांनी आमच्याही आधी सोसलं होतं.

पाचगणी, रविवार

आज रविवार, म्हणजे पत्रांचा तास. ‘मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालू आहे’ हे आम्ही सगळ्या जणी लिहायचो आणि बाई वाचून मगच पाकीट बंद करायच्या. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. टपाल बंद, फोन बंद. पत्रांचा तास मात्र चुकला नाही. मी आजीला लिहायचे, तेच : मी मजेत आहे.

डॉर्मिटरीत रडायचं नाही, हा आमचा आपसातलाच नियम होता. एकीने सुरू केलं की सगळ्यांची रात्र जायची. त्याच सुमारास गॅदरिंगच्या नाटकाच्या तालमी लागल्या. मला म्हाताऱ्या कोळिणीचं काम होतं, जिचा मुलगा समुद्रावरून परतत नाही. तालमीत एकदा मला खरंच रडू फुटलं, तशी मी पाठ फिरवली. नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, “पाठ नको फिरवू. शेवटच्या बाकापर्यंत दिसू दे.” इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला रडायला जागा दिली होती.

मग तुम्ही आलात, अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने, एक लाखाहून जास्त आपली माणसं जशी आली तसेच. नाटकाच्या दिवशी तू दुसऱ्या रांगेत होतीस. मला रडू येईना. तुझ्याकडे न बघता, आवाज आतून ओढून काढत मी ते काम केलं. अभिनय म्हणतात तो मी त्या रात्री पहिल्यांदा केला.

पुणे, गुरुवार

भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी चालू आहे. ‘अरे, आव्वाज कुणाचा!’ सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेतात आणि अजूनही इथे नेपथ्यापेक्षा अभिनय नि संहितेला मान आहे. अंधारात पोरं रेडियमच्या खुणा शोधत टेबल ठेवत होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं. माझं मराठी चार माणसांच्या घरातलं, त्यामुळे आधी बॅकस्टेज, मग प्रॉम्प्टिंग, मग कुठे एक छोटं काम. दोन महिने रोज दुसऱ्यांची वाक्यं कानावर पडून माझी जीभ सुटली.

बोर्डिंगमुळे मुलं खंबीर होतात असं लोक मला अजून सांगतात. मला ते पटत नाही. आम्ही गप्प राहायला शिकलो होतो आणि मोठ्यांना तो खंबीरपणा वाटला. माझं ते गप्प राहणं तालमींनी सोडवलं. बाबा ९१ नंतर पुन्हा कुवेतला गेले आणि मी हॉस्टेलवरच राहिले, याचा राग नाही. नोकरी तिथे होती. पण नाटक नसतं तर मी तुम्हाला आयुष्यभर ‘मजेत आहे’ एवढंच लिहीत राहिले असते.

शनिवारी नाशिकला पोचते. बसने बगदाद, जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातले तंबू, एवढं बाबांकडून ऐकलंय. तू त्यावर कधी बोलली नाहीस. या वेळी मला सगळं हवंय : तंबूत काय खाल्लंत, बरोबर काय घेतलंत, माझी खबर नसताना रात्री काय करत होतीस. मी एकांकिका लिहायला घेतली आहे आणि त्यातली आई अजून एक वाक्यही बोललेली नाही.

तुझी,
मनू