पारोळ्याचे भुयार

जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याचा भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला, 1727 मध्ये हरी सदाशिव दामोदर यांनी उभारला, असे सांगितले जाते. त्यातून निघालेले भुयार सुमारे 8 किलोमीटरवरच्या नागेश्वर मंदिरापाशी उघडते आणि त्यातून घोडेस्वार जात असे, ही दंतकथा तिथे घरोघरी ऐकू येते. तटाभोवती खंदक, म्हणजे पाणी धरणारा रुंद चर असल्याने, बाहेर जाणारी वाट त्याच्या तळाखालून न्यावी लागली असती, झिरपणारे पाणी सतत उपसावे लागले असते, आणि वाऱ्यासाठी जागोजागी उघडे झरोके ठेवून गुप्तता कशी टिकली असती, हा प्रश्नच आहे. भुयाराचे म्हणून सांगितले जाणारे, दगडमातीने बुजलेले, वटवाघळांच्या उग्र वासाचे तोंड बहुधा एखाद्या तळघराचे किंवा चोरदिंडीचे, म्हणजे तटातल्या आडबाजूच्या लहान दाराचे, असावे. घोडा मात्र त्यात वाकूनही शिरला नसता.