पुढे केलेला हात

शरीरावरील जखम काही दिवसांनी भरून येते. मनाला झालेली जखम मात्र आपणच उकरून ताजी ठेवतो. मित्र टाकून बोलला, भावंडाने अन्याय केला, की महिनोन्‌महिने अबोला चालतो. 'राग ओसरला, म्हणजे क्षमा करू,' असे आपण म्हणतो. पण राग ओसरतच नाही. मग राग असतानाच क्षमा करता येईल काय? एका स्त्रीपुढे हाच प्रश्न फार कठोर रूपाने उभा राहिला.

हॉलंडमधील हार्लेम शहरात कोरी टेन बूम या बाई राहत. घड्याळे दुरुस्त करणे हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीने हॉलंड जिंकले व तेथील ज्यू लोकांची धरपकड आरंभिली. तेव्हा या ख्रिस्ती कुटुंबाने घरात एक खोटी भिंत उभारून तिच्याआड ज्यूंना आश्रय दिला. कोणी चुगली केली आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये हे कुटुंब पकडले गेले. ८४ वर्षांचे वृद्ध वडील दहा दिवसांतच बंदिवासात वारले. कोरीबाई व त्यांच्या थोरल्या भगिनी बेट्सी यांची रवानगी पुढे रावेन्सब्रुकच्या छळछावणीत झाली. उपासमार व अपमान सोशीत बेट्सींनी त्याच वर्षी डिसेंबरात प्राण सोडला. थोड्याच दिवसांनी कोरीबाईंची सुटका झाली.

१९४७ साली जर्मनीतील म्युनिक शहरी, एका चर्चमध्ये कोरीबाई परमेश्वराच्या क्षमेविषयी बोलल्या. सभा संपताच एक मनुष्य पुढे आला. कोरीबाईंनी त्याला तत्काळ ओळखले. तो त्याच छावणीतील एक पहारेकरी! आता त्याला पश्चात्ताप झाला होता. क्षमेची याचना करीत त्याने हात पुढे केला.

कोरीबाईंचा हात उचलेना. डोळ्यांपुढे बेट्सींची कृश मूर्ती उभी राहिली. सातदा नव्हे, तर सातांच्या सत्तरपट वेळा क्षमा करावी, ही येशू ख्रिस्ताची शिकवण त्यांना ठाऊक होती. परंतु अंतःकरण थंडगार होते. हात आपण पुढे करू, प्रेम मात्र देवाने द्यावे, अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली आणि बळेच आपला हात त्याच्या हातात दिला. त्या स्पर्शासरशी गोठलेले मन वितळले, असे त्यांनी पुढे सांगितले.

क्षमा करणे म्हणजे अपराधाला चांगले म्हणणे नव्हे. अपराध अपराधच राहतो. केवळ त्याचा डंख आपल्या मनात उरत नाही. मन निवळण्याची वाट पाहत बसले, तर अबोला सुटत नाही. आधी हात पुढे करावा. मन त्याच्या मागून येते.