पोटातले ओठावर

मराठी माणसाचे पोट फार मोठे आहे. खानावळवाल्यांचे मत काय असेल ते असो. मी आपल्या भाषेबद्दल बोलतो आहे. अपराध आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, भीतीचा गोळा आपल्या पोटात उठतो आणि लेकराची मायाही पोटातूनच येते. ज्याच्या पोटात एक आणि ओठावर दुसरे, त्याला आपण नावे ठेवतो हे खरे. पण पोटातले ओठावर कधी येऊच न देणाऱ्या माणसाला मात्र आपण ‘सोशिक’ म्हणून गौरवतो. त्यातून ती बाई असली, तर विचारूच नका!

माझी आत्या अशी सोशिक होती.

आमचे घर क्रांती चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. छत्रपती संभाजीनगरचा हा चौक मुळातच गप्प बसणाऱ्यांचा नव्हे. १८५७ साली इथल्या घोडदळातल्या शिपायांनी बंड केले आणि त्यांपैकी कितीकांना देहान्ताची शिक्षा झाली; इथला काळा चबुतरा त्यांची आठवण सांगत उभा आहे. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २०२२ साली अधिक उंच चौथऱ्यावर पुन्हा दिमाखाने उभा राहिला, आणि त्याच्या साक्षीने आजही मोर्चे निघतात, घोषणा होतात. पाणी, पीकविमा, पगार, आरक्षण, ज्याला जे हवे ते तो इथे येऊन मोठ्याने मागतो. त्या घोषणा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत, आणि आत्या पोळ्या लाटता लाटता म्हणे, “ओरडल्याशिवाय कोणी देत नाही रे बाबा!”

पण स्वतःसाठी ती कधी ओरडली नाही. तिच्या उशाशी ओव्याची डबी आणि खाण्याच्या सोड्याची पुडी असे. पंगतीत ती सगळ्यांत शेवटी बसे आणि दोन घासांत उठे.

“आत्या, इतकंच?”

“अरे, करता करता वासानंच पोट भरतं.”

हे वाक्य मराठी घरांत इतके रुळलेले आहे, की ते लक्षण असू शकते असे कोणाच्या मनात येत नाही. पुढे तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, उतारवयात माणूस सुकायचेच. मग एके दिवशी काळपट उलटी झाली. दुर्बिणीची नळी पोटात घालून तपासले, तेव्हा कर्करोग जठराची भिंत ओलांडून पलीकडे गेला होता. सहा महिन्यांत आत्या गेली. जाण्यापूर्वी एकदा म्हणाली, “दोन वर्षं दुखत होतं. तुम्हाला सगळ्यांना कशाला घोर लावायचा?”

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पदार्थविज्ञानाच्या वरच्या वर्गात शिकतो. माझा शास्त्राशी संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला. तेव्हा चौकातल्या टपरीवर चहा पिताना गुरू तो झाला आणि शिष्य मी. बोलता बोलता आत्याची गोष्ट निघाली. तो म्हणाला, “सर, टेराहर्ट्झ लहरींबद्दल ऐकलंत का? जठराचा कर्करोग कोवळा असताना ओळखता येतो का, हे त्यांनी पाहतायत.”

मग त्याने मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ज्या लहरींवर चालतो त्या एका बाजूला, आणि शेगडीची धग ज्या अवरक्त किरणांनी अंगाला लागते ते दुसऱ्या बाजूला. या दोघांच्या मधल्या बोळात टेराहर्ट्झ लहरींचे घर आहे. एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने. लहरीची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. या मुलखाच्या वेशीपर्यंत आपला एक माणूस फार पूर्वी जाऊन आला आहे. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून लोकांना थक्क केले होते. दिवाळीला शोभेल असाच तो प्रयोग! पण त्या वेशीच्या आतल्या लहरी निर्माण करणे आणि टिपणे इतके अवघड, की तो बोळ पुढे कितीतरी वर्षे ओसाडच राहिला.

या लहरी कागदातून, कापडातून, प्लॅस्टिकमधून सहज जातात. क्ष-किरणांप्रमाणे शरीरातल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची ताकद त्यांच्यात नाही. मात्र पाण्यापुढे त्यांचे काही चालत नाही. पाणी त्यांना पिऊन टाकते. १९९५ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी या लहरींनी एका झाडाच्या पानाचे चित्र काढले, आणि ४८ तासांनी त्याच पानाचे पुन्हा काढले. पानातले पाणी कुठे किती आटले, ते दोन चित्रांवरून दिसले. दसऱ्याला लुटलेले आपट्याचे पान दिवाळीपर्यंत कसे सुकत जाते ते आपण पाहतोच. या लहरींना ते आपल्याआधी कळते.

रोगट पेशींमधले पाणी आणि त्यांची दाटी निरोगी भागापेक्षा वेगळी असते, म्हणून त्यांच्यावरून परतणारी लहरही वेगळी असते. सारी मदार या फरकावर आहे. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जठराच्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगाचे, दुर्बिणीतून काढलेले आठ ताजे तुकडे त्यांनी या लहरींखाली ठेवले. आठांपैकी सहांत रोगट भाग स्पष्ट ओळखू आला. मास्तर म्हणून मी त्या लहरींना पहिला वर्ग देऊन टाकला असता. पण उरलेल्या दोन तुकड्यांमागेही दोन माणसे होती हे विसरून चालत नाही. म्हणून हे तंत्र अजून प्रयोगशाळेत आहे, दवाखान्यात नाही.

“मग पोटावरून नुसतं यंत्र फिरवून दिसणार नाही?” मी विचारले.

“नाही सर. आपली कातडी ओली, मांस ओलं. लहर मिलिमीटरभरही आत जात नाही. नळीतून जठराच्या आतच न्यावी लागेल. कोरियात २००९ मध्ये तशी छोटी नळी करूनही पाहिली आहे.”

मला हे प्रथम मोठे उणे वाटले. पण तो हसून म्हणाला की, हा कर्करोग सुरू होतो तोच जठराच्या अगदी आतल्या अस्तरात. तो कोवळा असतो तेव्हा वरवरच असतो. खोल पाहणारी नजर लागते ती उशीर झाल्यावर!

आपल्या मुंबईतही कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. श्रीगणेश प्रभू यांच्या प्रयोगशाळेत टेराहर्ट्झ लहरींवर काम झाले आहे. परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. कुलाब्याहून परळला जायला तासभर पुरतो. पण प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत एखादे तंत्र पोचायला एक पिढी लागते. तोवर काय करायचे?

याचे उत्तर जपानने देऊन ठेवले आहे. या रोगाने त्या देशाला फार छळले. तिथे १९५० साली पोटात उतरवायचा चिमुकला कॅमेरा तयार झाला, आणि १९६२ साली तिथल्या वैद्यांनी ‘प्रारंभीचा जठर-कर्करोग’ कशाला म्हणावे, हे ठरवून दिले: जो अस्तरात आणि त्याच्या लगतच्या थरातच आहे तो. या अवस्थेत उपचार झाले, तर दहांतले नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आज आपल्याकडेही दुर्बीण आहे, तुकडा काढून तपासण्याची सोय आहे. आमच्या शहरात तर २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालयही आहे. उणीव आहे ती वेळेवर दार ठोठावणाऱ्यांची.

आणि आपल्या बायका दार ठोठावतच नाहीत, असेही कोणी म्हणू नये. धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. तीत एक लाख तीस हजारांहून अधिक बायका होत्या. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची आणि टाटा रुग्णालयाची माणसे गावोगाव गेली, ओसरीवर बसून बोलली, आणि ज्या गोष्टीचा उच्चारही घरात होत नव्हता तिच्या तपासणीसाठी बायका घराबाहेर पडल्या. कोणी विचारले, म्हणून त्या बोलल्या.

विद्यार्थी गेला, आणि चारच दिवसांनी भाऊबीजेला आत्याची थोरली मुलगी ओवाळायला आली. ताटातली करंजी तिने अर्धीच खाल्ली आणि पदराआड सोड्याची पुडी सोडली. माझ्या पोटात धस्स झाले.

“ताई, किती दिवस चाललंय हे?”

“काही नाही रे. वात आहे. आईलाही असायचा.”

“आईलाही असायचा म्हणूनच विचारतोय. ओवाळणीत मला काहीतरी दे या वर्षी.”

“ओवाळणी भाऊ देतो, वेड्या.”

“यंदा बहिणीनं द्यायची. उद्या दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची.”

ती रागावली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रिक्षात बसली. तपासणीत कर्करोग निघाला नाही. निघाला तो व्रण, आणि त्याच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. या जंतूचा व्रणाशी संबंध आहे हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो स्वतःच पिऊन दाखवला होता, आणि २००५ साली त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. हाच जंतू वर्षानुवर्षे जठरात राहिला, तर पुढे कर्करोगाला वाट करून देतो; एका घरातल्या माणसांत तो पसरतोही. ताईला दोन आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या. जंतू गेला, पुडीही गेली.

वाचकहो, फराळाच्या दिवसांत हे काय लावले आहे, असे तुम्ही म्हणाल. पण पोटाची आठवण करून द्यायला याहून चांगला मुहूर्त कोणता? चिवडा जरूर खा. मात्र घरात कोणाची भूक मंदावली असेल, दोन घासांत पोट गच्च होत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, गिळताना अडकत असेल, शौचाला काळे होत असेल, तर ओव्याच्या डबीवर भिस्त ठेवू नका. आणि शेवटच्या पंगतीला कोण बसते, किती खाते, हे जरा पाहत जा. उद्या टेराहर्ट्झची नळी निघेल, आठांपैकी आठही ओळखेल; तरी तिला समोर माणूस लागेलच. आपल्या माणसांचे अपराध खुशाल पोटात घाला. दुखणे तेवढे ओठावर येऊ द्या.