चाक कोणाच्या हाती?

परदेशातील सहलीचा विचार सुरू झाला की बहुतेक घरांत तिकिटे, निवास आणि चलन या तीन विषयांवर महिनाभर खल चालतो. तेथे पोहोचल्यावर फिरायचे कशाने, हा प्रश्न मात्र 'गेल्यावर बघू' या सदरात ढकलला जातो. वस्तुतः सहलीच्या खर्चाचा मोठा भाग, बरीचशी दगदग आणि घरातील ज्येष्ठांचा सारा दिनक्रम याच प्रश्नावर अवलंबून असतो. कोल्हापुरातील राजारामपुरीत राहणाऱ्या एका कुटुंबाने मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला जाण्यापूर्वी या प्रश्नाचा जो हिशेब मांडला, तो इतरांनाही उपयोगी पडावा असा आहे.

कुटुंब पाच जणांचे. अडुसष्ट वर्षांचे अण्णा, आक्का, पुण्यात नोकरी करणारे चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू. मॉरिशस बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे ७,६८५ चौरस किलोमीटरच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याएवढे. उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम ६५ किलोमीटर. नकाशा पाहताच चिरंजीवांनी निर्णय जाहीर केला, "अण्णा, गाडी भाड्याने घेऊ. मीच चालवतो. बेट केवढेसे आहे!"

या म्हणण्यात तथ्य होते. मॉरिशस १८१० पासून १९६८ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात होते, त्यामुळे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे मळे. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. नमुना ४-अ मधील अर्ज, पारपत्र, मूळ परवाना आणि एक हजार रुपये शुल्क. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

अण्णांनी मात्र करारनाम्याचा नमुना मागवून तो ओळ न ओळ वाचला. गाडी ताब्यात देताना क्रेडिट कार्डावर मोठी रक्कम रोखून ठेवली जाते. बँकेच्या भाषेत तो धारणाधिकारच. विमा असला तरी अपघात झाल्यास ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान भाडेकरूने सोसायचे असते. टायर आणि काचा बहुधा विम्याबाहेर. करारात ज्याचे नाव नाही, त्याने स्टिअरिंगला हात लावला तर विम्याचे संरक्षणच उरत नाही. दिवसाचे भाडे म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, हे त्यांनी वहीत मांडून दाखवले.

दुसरा पर्याय सार्वजनिक वाहनांचा. पोर्ट लुई ते क्युरपीप ही सुमारे २६ किलोमीटरची मेट्रो भारताच्या अर्थसाहाय्याने उभी राहिली आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली. बेटभर बसही आहेत आणि कंडक्टर गाडीतच तिकीट देतो. परंतु खेड्यांकडच्या बस संध्याकाळी लवकर थांबतात आणि पश्चिम किनाऱ्यावरील त्यांच्या निवासापासून मेट्रो दूर होती. तिसरा पर्याय यात्रा कंपनीच्या मोठ्या बसचा, ज्यात दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो. चौथा, दिवसभरासाठी चालकासह गाडी. सोयीची, पण सर्वांत महाग.

या सर्व चर्चेत आक्का गप्प होत्या. अडतीस वर्षांपासून त्यांचा रात्रिभोजन त्यागाचा नियम आहे. प्रवासात त्यांनी तो कोणावर लादला नाही. डब्यात दशम्या आणि चिवडा घेऊन त्या आपले निभावून नेतात. परंतु सूनबाईंनी एक गोष्ट शोधून काढली, जी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. मेअखेरीस कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर आहे. तेथे त्या दिवसांत हिवाळा असतो आणि पावणेसहाच्या आतच सूर्यास्त होतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाशही फार काळ रेंगाळत नाही. म्हणजे संध्याकाळचे जेवण पाचच्या सुमारास व्हायला हवे आणि अनोळखी घाटरस्त्यावर अंधारात गाडी हाकायची नसेल, तर परतही तेव्हाच यायला हवे. आक्कांचा नियम आणि सुरक्षित प्रवासाचा नियम एकाच वेळेवर येऊन थांबत होते.

"माझ्यासाठी काही बदलू नका," आक्का म्हणाल्या. "मी डबा घेईनच. पण एक विचारते. अहो, आपण तीस वर्षे आंबोलीवरून गोव्याला जातो. त्या घाटातली दरी तुम्ही कधी पाहिलीत?"

अण्णा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. तीस वर्षे गाडी त्यांनीच चालवली होती. आंबोलीच्या घाटातले प्रत्येक वळण त्यांना पाठ होते. धबधबे, धुके आणि दरी मात्र त्यांनी मागच्या सीटवरच्या मंडळींच्या उद्गारांतूनच पाहिली होती. ही गोष्ट त्यांना कधी त्याग वाटली नव्हती. परंतु आता तीच जागा मुलाच्या वाट्याला येणार होती. वर्षभर पुण्याच्या रहदारीत गाडी चालवणारा मुलगा आठ दिवसांच्या सुट्टीतही आरशात मागच्या गाड्याच पाहत राहणार आणि शेजारी बसलेले अण्णा त्याला 'सावकाश' म्हणत राहणार, हे चित्र त्यांना रुचले नाही.

चिरंजीवांना मात्र हा आपल्या कर्तेपणावरचा अविश्वास वाटला. "मला गाडी येत नाही का अण्णा?" त्यांच्या आवाजात दुखावलेपण होते. अण्णांनी समजूत घातली, "येते रे. म्हणूनच काळजी. येणाऱ्यालाच चालवावी लागते."

शेवटी दिवसागणिक निर्णय झाला. आपल्याकडे दिग्व्रतात दिशांची मर्यादा आयुष्यभरासाठी, तर देशव्रतात ठरावीक काळापुरती घालून घेतात. अण्णांनी हसत सांगितले, की सहलीलाही रोजचे देशव्रत असावे: आज इतकेच जायचे, इतक्या वाजता परतायचे. शामारेलची सप्तरंगी माती, गंगा तलाव आणि पाम्प्लेमूसची वनस्पतीबाग या लांबच्या तीन दिवसांसाठी चालकासह गाडी. विमानतळावरून ने-आणही तशीच. राजधानी पोर्ट लुई आणि १८३४ पासून आलेल्या भारतीय मजुरांची आठवण जपणारा आप्रवासी घाट पाहण्यासाठी एक दिवस बस आणि मेट्रो. एक दिवस चिरंजीवांनी भाड्याने गाडी घ्यायची, पण जवळच्या किनाऱ्यांपुरती आणि सकाळी नऊ ते दुपारी चार. उरलेले दिवस पायी.

शामारेलच्या चढणीवर खाली निळा समुद्र दिसू लागला, तेव्हा चिरंजीव मागच्या सीटवर खिडकीशी बसले होते आणि नातू त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून प्रश्न विचारत होता. गाडी चार वाजता परतीला लागली. पाचच्या सुमारास निवासाच्या छोट्या स्वयंपाकघरात सूनबाईंनी भात आणि मुगाचे वरण केले आणि पाचही जण एकत्र जेवले.

परत आल्यावर अण्णांनी हिशेब पूर्ण केला. स्वतः गाडी चालवण्यापेक्षा चालकासह गाडीला खर्च अधिक झाला होता. तो फरक त्यांनी 'वाहन' या सदरात धरला नाही. स्वतंत्र ओळ आखून तेथे लिहिले: 'चिरंजीवांची सहल.'