डाग वर की खाली

डायलवरचा डाग लाखेच्या वर आहे की खाली, हे हात न लावता कसं ओळखायचं? आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, लावून पाहा. लावून पाहिलं की उत्तर मिळतं. फक्त तेव्हा डायलवरची अक्षरं उरलेली नसतात.

यंदा फुलसावंगीच्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावर एक ओमेगा कॉन्स्टेलेशन आलं आणि या एका प्रश्नानं मला पार धरून ठेवलं. घड्याळाचे मालक गेलेले, कापसाचे व्यापारी. मुलगा पुण्याला, मुलगी उमरखेडला दिलेली. घड्याळ कपाटात रुमालात गुंडाळलेलं निघालं. मागचं झाकण उघडलं तर आत ५६१ नंबरचं मशीन, तांब्याच्या रंगाचं, चोवीस ज्वेलचं, तासाला १९,८०० ठोक्यांचं. मशीनवरचा आकडा दोन कोटी चाळीस लाखांच्या घरातला, म्हणजे साधारण १९६७ सालचं. तेव्हा आमच्या पुसदकडचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि कापसाच्या पैशात ऐट होती. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी पुढे १९७२ ला आली. हे घड्याळ त्याच्या आधीचं.

मुलाला विकायचं होतं, मुलीला ठेवायचं होतं. मुलगा आधी सोनाराकडे जाऊन आला होता. सोनारानं कसोटीवर घासायला घेतलं आणि परत दिलं, कारण खाली स्टील, वर नुसती सोन्याची टोपी. बरंच झालं. भरीव सोन्याची किती घड्याळं या भागात अशी वितळली! मशीन काढून पोरांना खेळायला, केस मुशीत. तोळ्याचा भाव आला म्हणून घरचे खूश.

“काका, तुम्ही सांगाल तसं करू,” असं दोघंही म्हणाले. असं म्हणणारी माणसं आपल्या मनातलंच आपल्या तोंडून वदवून घ्यायला आलेली असतात. पण मला ते ऐकून बरं वाटलं हे खरं. पुण्या-मुंबईत एवढे कारागीर असताना घड्याळ माझ्याकडे आलं, या आनंदात मी ते गरजेपेक्षा जास्त दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. सेल बदलायला आलेल्या माणसालासुद्धा काढून दाखवलं. त्याला काय कळणार! मागच्या झाकणावरची वेधशाळा आणि आठ तारे मी त्याला बोट ठेवून दाखवले.

आता डाग. चार आणि पाचच्या मध्ये, तपकिरी, तिळाहून लहान. कॉन्स्टेलेशनची ही डायल सपाट नसते, कडेला बारा पैलू उतरते असतात. डाग नेमका त्या उताराच्या कोपऱ्यावर. लाखेच्या वर असला तर तो मळ आहे, निघेल. खाली असला तर धातूच काळवंडला आहे. मग वरून पुसायला गेलं की लाख जाते, लाखेबरोबर मिनिटांच्या रेषा जातात आणि डाग तिथंच राहतो. मी तिरपा उजेड टाकून पाहिला, सावली पडते का म्हणून. सकाळी वाटायचं पडते, दुपारी वाटायचं नाही. घड्याळ कलतं करून पाहिलं, डाग खालच्या रेषेवरून सरकतो का ते. लाखेचा थर इतका पातळ की दहापट आयग्लासमधून ते कळत नाही. त्यात माझा उजवा अंगठा हल्ली थरथरतो. मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरलं की गिऱ्हाईकाला दिसत नाही. “उद्या या” म्हणायची सवयही त्यातूनच लागली.

एवढ्याशा डागावर इतकं काय अडलं, असं मुलानं विचारलं. नवी डायल छापून मिळते ना?

मिळते. मुंबईत पाहिजे तशी मिळते. एचएमटीचं जुनं मशीन घ्यायचं, रंगवलेली डायल लावायची, केस घासून आरसा करायचा. परदेशातले शौकीन याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हसतात. छापलेली डायल मला लांबून ओळखू येते. अक्षरं जाड असतात आणि सहाच्या खालचं ‘स्विस मेड’ एक तर वाकडं असतं किंवा नसतंच. जाणकार गिऱ्हाईक ती पाहिली की भाव निम्म्यावर आणतो. केस घासल्यावरही तेच. पट्टा अडकतो त्या शिंगांच्या धारा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. कुठल्याही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घड्याळ देताना ‘पॉलिश नको, डायल-काटे बदलू नका’ हे लेखी द्यावं, एवढं मी सगळ्यांना सांगतो.

पण आम्हाला हसणाऱ्यांचंही ऐका. २०२१ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांवर गेलं, घेतलं खुद्द कंपनीच्या संग्रहालयानं. २०२३ ला निघालं की ते इकडचे तिकडचे भाग जुळवून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच जुन्या माणसांचा हात होता. ही बातमी वाचून मी दिवसभर खुशीत होतो. आम्ही करतो ते पोटासाठी आणि काही हजारांत.

विकावं की नाही यावर मी दोघांना सेवाग्रामच्या म्हाताऱ्याच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. गांधीजींचं झेनिथ, चांदीचं, गजराचं, इंदिरा गांधींनी दिलेलं. कानपूर स्टेशनवर चोरीला गेलं आणि चोरानं ते परत आणून दिलं. पुढे ते आभा गांधींकडे आलं, आणि मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, ताट-वाटीसोबत १८ लाख डॉलरला विजय मल्ल्यांनी घेतलं. मुलगा म्हणाला, “बघा, विकलंच ना शेवटी!” मुलगी म्हणाली, चोरानंसुद्धा परत दिलं होतं. गोष्ट सांगून काही उपयोग झाला नाही.

शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा बसतो. त्याच्याकडे मदरबोर्डसाठी घेतलेला मायक्रोस्कोप आहे, पंचेचाळीस पटीपर्यंत दाखवणारा. तो मागायचा हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. मागितला नाही. यूट्यूबवर शिकलेल्या पोराकडे मी जायचं? खरं तर या गावात तसं म्हणू नये. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथल्याच एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पात्याच्या माराने जीव गेला. तोही व्हिडिओ पाहूनच शिकला होता. बाहेरचे लोक हसले. माझ्यानं हसवलं नाही. त्याला वेळेवर कुणी टेबलाशी बसवून घेतलं नाही, एवढंच मनात आलं. तरी शेजारच्या पोराच्या दुकानाची पायरी चढायला मला वेळ लागलाच.

पोरानं डायल भिंगाखाली ठेवली. आधी मिनिटाच्या रेषेवर फोकस केला, मग चाक हळूहळू फिरवून वर आला. लाखेवरची धूळ जिथं स्वच्छ दिसू लागली, तिथंच डागाची एक बाजू स्वच्छ झाली. “मामा, हे अर्धं वरतून हाये. पाचकडचं खाली गेलं.” मी म्हटलं, मला ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं.

डागाचा वरचा भाग रोडिकोच्या, म्हणजे मळ उचलणाऱ्या चिकट लगद्याच्या, गोळीनं दाबून उचलला. घासला नाही. पाचकडचा तसाच ठेवला. मशीन खोलून धुतलं, तेल दिलं, हंसमानेचा स्क्रू किंचित फिरवून वेळ लावली. केसला हात लावला नाही. मुलाला सांगितलं, भाव दोन-तीन ठिकाणी विचार, माझ्या एकट्याच्या तोंडाचा नको. त्यानं विचारला, आणि घरी बसून काय ठरलं ते त्यांचं त्यांना माहीत. घड्याळ मुलीकडे राहिलं आणि भावानं वडिलांची बुलेट घेतली. तिला त्यानं लगेच नवा रंग मारला.

मुलगी न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, “माय, कपाटात ठेवू नको, घालत जा. पाण्यात मात्र नाही.” तिनं विचारलं, चार-पाच वर्षांनी परत सर्व्हिसिंग लागेल तेव्हा कुणाकडे आणू? तिची नजर माझ्या मनगटावर होती. मी शेजारच्या पोराचा नंबर दिला.

आता तो दुपारी माझ्याकडे बसतो, जुन्या एचएमटी खोलतो-जोडतो. डोळा चांगला आहे, हात माझ्या तिशीतल्या हातासारखा. तेल मात्र अजून दुप्पट घालतो.